मुलांचे पुस्तक कोणी निवडावे?

नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयाची स्थापना इ. स. १८४० मधली. रत्नागिरीचे (१८२८) आणि अहमदनगरचे (१८३८) ग्रंथालय त्याहून थोडे वडील, पुण्याचे (१८४८) धाकटे. त्या काळी या संस्थांना ‘नेटिव्ह लायब्ररी’ म्हणत. इंग्रज अधिकारी आणि गावातील सुशिक्षित गृहस्थ यांच्या पुढाकाराने त्या निघत आणि वाचणारे बहुधा प्रौढ पुरुषच असत. मुलांसाठी वेगळे कपाट असावे, ही कल्पना कुणाच्या मनात येण्याचे कारण नव्हते. समजा, एखाद्या हौशी पित्याने आपल्या आठ वर्षांच्या मुलासाठी मराठी पुस्तक मागितलेच असते, तरी निवडीचा प्रश्न फार वेळ चालला नसता. निवडण्याजोगे होतेच किती?

सदाशिव काशीनाथ उर्फ बापू छत्रे यांची ‘इसापनीतिकथा’ आणि ‘बाळमित्र’ ही दोन नावे प्रथम घ्यावी लागतात. दोन्हींचे साल १८२८. त्याआधी तंजावरला सरफोजीराजांच्या छापखान्यात इसापच्या गोष्टी मराठीत छापल्या गेल्या होत्या. परंतु तो दूर कावेरीकाठचा पराक्रम. ‘बाळमित्रा’ची कुळकथा मोठी मनोरंजक आहे. लाइपझिगच्या वाइस नावाच्या जर्मन गृहस्थाने मुलांसाठी एक साप्ताहिक चालविले. त्याचे नाव आणि बराचसा मजकूर पॅरिसच्या बेर्कँने उचलून फ्रेंचमध्ये आणला. त्याचे इंग्रजी झाले आणि त्या इंग्रजीवरून छत्र्यांनी मराठी केले. चार भाषांचा प्रवास करून आलेला हा मित्र मुंबईत उतरला तो शाळाखात्याचा पाहुणा म्हणून. मुंबईत १८२२ साली स्थापन झालेल्या शाळापुस्तक मंडळीने पुस्तके लिहवून घ्यायची, तिनेच ती छापायची आणि तिनेच शाळांना पुरवायची, असा तो व्यवहार होता. लेखक, प्रकाशक, निवड करणारा आणि गिर्‍हाईक ही सारी मंडळी एकाच छपराखाली नांदत होती. मुलाचे मत विचारायला तिथे जागाच नव्हती.

पुढे हे निवडीचे काम ज्याच्या हाती आले तो मनुष्य आम्हाला फार विलक्षण वाटतो. मेजर टॉमस कँडी (१८०४–१८७७). मोल्सवर्थच्या कोशातला हा सहकारी सरकारचा मराठी भाषांतरकार झाला आणि शाळाखात्याच्या मराठी पुस्तकांची भाषा त्याच्या नजरेखालून जाऊ लागली. आज आपण मराठीत जो स्वल्पविराम आणि पूर्णविराम सहजपणे देतो, तो रूढ करण्याचे श्रेय मुख्यत्वे त्याचे. परक्या देशातून आलेल्या लष्करी अधिकार्‍याने महाराष्ट्रातील मुलांनी कोणते मराठी वाचावे हे ठरवावे, याची त्या काळातही पुष्कळ थट्टा झाली आणि त्याने घडविलेल्या भाषेवर ‘कँडी साहेबाची मराठी’ असा शिक्का बसला. थट्टेत तथ्य होते. तथापि एक गोष्ट त्याच्या बाजूने सांगितली पाहिजे. पुस्तक पसंत करण्यापूर्वी तो ते ओळीओळीने वाचत असे. त्याच्यानंतर या खुर्चीवर बसलेल्या प्रत्येकाबद्दल असे म्हणता येईल काय, याविषयी आम्हाला शंका आहे.

सरकारच्या जोडीला दुसरा निवड करणारा आला तो मिशन. १८४२ साली ‘ज्ञानोदय’ सुरू करणार्‍या अमेरिकन मराठी मिशनने १८७२ साली खास मुलांसाठी ‘बालबोधमेवा’ हे मासिक काढले. आमच्या वाचकांपैकी अनेकांना ‘निरोप्या’ हे नाव घरचे वाटेल. फादर हेन्री डोरिंग या जर्मन येशूसंघीय धर्मगुरूंनी ते १९०३ साली सुरू केले. पण ते सार्‍या कुटुंबाचे मासिक. निव्वळ मुलांसाठी नियतकालिक चालवावे, ही दृष्टी मराठी ख्रिस्ती समाजात प्रथम प्रॉटेस्टंट बंधूंनी दाखविली, हे मोकळेपणाने मान्य करावे. ‘बालबोधमेव्या’चा हेतू उघड होता आणि त्यावर टीकाही झाली. परंतु त्याच्या पानांवर चित्रे होती! ज्या काळात मराठी पुस्तक म्हणजे काळ्या अक्षरांची भिंत असे, त्या काळात ही चित्रे मुलांच्या डोळ्यांपुढे आली. धर्मोपदेश कुणाच्या गळी किती उतरला हे सांगणे कठीण आहे. चित्र मात्र न सांगता पाहिले जाते.

विनायक कोंडदेव ओक यांचे ‘बालबोध’ १८८१ मध्ये आले, वासुदेव गोविंद आपट्यांचा ‘आनंद’ १९०६ मध्ये. ओकांनी मृत्यूपर्यंत, म्हणजे तेहतीसएक वर्षे, ते मासिक एकहाती चालविले. चरित्र, निबंध, कविता आणि शास्त्रीय माहिती असा त्यांचा ठरलेला बेत असे. या सर्व थोर मंडळींची धडपड वाचताना एक गोष्ट सतत जाणवते. सरकार असो, मिशन असो की स्वदेशी संपादक असो, पुस्तक हाती घेतल्यावर प्रत्येकाचा पहिला प्रश्न एकच असे: हे वाचून मूल कसे घडेल? प्रश्न चांगलाच आहे. आईबाप आणि धर्मगुरू यांनाही तो टाळता येत नाही. पण त्याला एक जुळा भाऊ आहे आणि त्याची आठवण क्वचितच कुणाला झालेली दिसते: हे पुस्तक संपल्यावर मूल ते पुन्हा मागेल काय?

या दोन्ही प्रश्नांना एकदम उत्तर देणारे पुस्तक नाशकातच लिहिले गेले आणि तेही तुरुंगात. फेब्रुवारी १९३३. सत्याग्रहाबद्दल शिक्षा भोगत असलेल्या साने गुरुजींनी नाशिकच्या कारागृहात अवघ्या पाच दिवसांत ‘श्यामची आई’चा फार मोठा भाग लिहून काढला. पुस्तक १९३५ साली प्रसिद्ध झाले. १९५३ साली आचार्य अत्र्यांनी त्यावर चित्रपट काढला आणि पुढल्या वर्षी त्याला राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळाले. पण तोपर्यंत पुस्तक घराघरांत पोहोचलेले होते. (त्याच दशकात, त्याच नाशकात लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ आकार घेत होती. एका गावाच्या वाट्याला एका दशकात किती यावे!) ‘श्यामची आई’ हे उपदेशाने ओथंबलेले पुस्तक आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. आज काही जाणकार त्यामुळेच ते मुलांपुढे ठेवायला कचरतात. तरीही मुले ते मागतात, रडतात आणि पुन्हा वाचतात. उपदेश असला की पुस्तक मुलांना नको होते, हे समीकरण त्यामुळे आम्हाला खरे वाटत नाही. गुरुजींच्या पानांवर उपदेशाच्या आधी एक खरीखुरी आई आहे, तिचे दारिद्र्य आहे, कोकणातले अंगण आहे. जिथे आई नसते आणि नुसते तात्पर्य असते, तिथे मूल पुस्तक मिटते.

मधल्या वर्षांचा इतिहास वाचकांना ठाऊक आहे. ना. धों. ताम्हनकरांचा ‘गोट्या’, भा. रा. भागवतांचा ‘फास्टर फेणे’, विंदा करंदीकरांची ‘राणीची बाग’ (१९६१), बालभारतीचे ‘किशोर’ मासिक (१९७१). या काळात मराठी मुलाला प्रथमच खोडकर असण्याची परवानगी मिळाली. लेखक मुलांच्या बाजूला सरकले. ग्रंथालये मात्र कागदपत्रांच्या बाजूला.

महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९६७ साली झाला. त्याने गावोगावच्या वाचनालयांना अनुदान मिळवून दिले, अ, ब, क, ड असे वर्ग ठरवून दिले आणि आज राज्यात जी काही हजार सार्वजनिक ग्रंथालये उभी आहेत, त्यांना तगवून धरले. हे उपकार लहान नाहीत. पण अनुदान आले की हिशेब आला, आणि हिशेब आला की यादी आली. ‘शासनमान्य ग्रंथांची यादी’ हा शब्दप्रयोग प्रत्येक ग्रंथपालाच्या परिचयाचा आहे. १९७२ साली कलकत्त्यात स्थापन झालेल्या राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानकडून होणारी खरेदीही यादीनेच होते. यादीत नाव लागणे म्हणजे शेकडो प्रतींची हमी. म्हणून पुस्तके मुलांसाठी न निघता यादीसाठी निघू लागली. बत्तीस पानांची, दोन टाचण्यांनी शिवलेली, थोर पुरुषांच्या चरित्रांची, एकाच साच्यातली पुस्तके आपण सर्वांनी पाहिली आहेत. चित्र एकाचे, वेश दुसर्‍याचा, जन्मतारीख तेवढी बरोबर. त्यांची किंमत कमी असते आणि नगांची संख्या भरते, त्यामुळे वर्षाअखेरीस दाखलनोंदवही लठ्ठ दिसते. विक्रेता जितकी अधिक सवलत देईल तितके ते पुस्तक अधिक निवडण्याजोगे ठरते, हे कटू वाटले तरी खरे आहे. आणि मग बालविभागाचे कपाट भरलेले असूनही मूल रिकाम्या हातांनी परत जाते.

याच काळात मराठी मुलांच्या हाती काही अद्भुत पुस्तके एका अनपेक्षित वाटेने आली. मॉस्कोच्या ‘रादुगा’ आणि ‘प्रगती’ प्रकाशनांची रशियन बालपुस्तके अनिल हवालदारांसारख्या अनुवादकांनी मराठीत आणली आणि मुंबईच्या लोकवाङ्मय गृहाने ती महाराष्ट्रभर विकली. मोठा आकार, जाड कागद, पानभर रंगीत चित्रे आणि किंमत अगदी थोडी. धर्म नाकारणार्‍या राजवटीने पाठविलेली ही पुस्तके, पण त्यांतली अस्वले, कोल्हे आणि आजीबाई कुठल्याही पक्षाच्या सभासद नव्हत्या. १९९१ साली सोव्हिएत संघ लयाला गेला आणि ती गंगा आटली. ज्यांच्या घरी त्यांपैकी एखादे पुस्तक उरले आहे, ते ते कुणाला सहजासहजी उसने देत नाहीत. यादीने निवडलेल्या किती पुस्तकांबद्दल असे म्हणता येईल?

याद्या वाईटच असतात असे मात्र आमचे म्हणणे नाही. ती कोण आणि कशी करतो यावर सारे अवलंबून असते. अमेरिकेतील ग्रंथालय संघाने १९२२ साली वर्षातील उत्तम बालपुस्तकासाठी न्यूबेरी पदक सुरू केले, १९३८ साली चित्रकारांसाठी कॅल्डेकॉट पदक, आणि पुढे दरवर्षी नव्या उल्लेखनीय बालपुस्तकांची यादी प्रसिद्ध करण्याचा प्रघात पाडला. या याद्या करणार्‍या समित्यांत मुख्यतः मुलांच्या विभागात रोज काम करणारे ग्रंथपाल असतात. ते वर्षभर शेकडो पुस्तके वाचतात, एकत्र बसून त्यांवर वाद घालतात आणि मग मत देतात. तरीही माणसे चुकतातच. न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयात अ‍ॅन कॅरोल मूर या बाईंचा शब्द मुलांच्या पुस्तकांबाबत अखेरचा असे, निवृत्तीनंतरही. १९४७ साली ‘गुडनाइट मून’ हे झोपताना वाचायचे लहानसे चित्रपुस्तक निघाले. ते त्यांना आवडले नाही. त्या ग्रंथालयाने १९७२ सालापर्यंत ते कपाटात घेतले नाही. दरम्यान देशभरातील आयांनी ते विकत घेऊन रोज रात्री मुलांना वाचून दाखविले. जाणकाराच्या नापसंतीपेक्षा मुलाचा हट्ट चिवट निघाला.

आता पुन्हा नाशकाकडे वळू. कुसुमाग्रजांच्या हयातीतच, १९९० साली, स्थापन झालेल्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानने २००९ साली विनायक रानडे यांच्या कल्पनेतून ‘ग्रंथ तुमच्या दारी’ ही योजना सुरू केली. शंभर पुस्तकांची एक पेटी, तिच्याभोवती आसपासच्या वाचकांचा एक गट, आणि काही महिन्यांनी पेट्यांची अदलाबदल. या पेट्या वसाहतींत गेल्या, कारागृहांत गेल्या, महाराष्ट्राबाहेर आणि परदेशांतही पोहोचल्या. मुलांसाठी वेगळ्या पेट्या निघाल्या. पेटीची कल्पना जुनी आहे. शंभर वर्षांपूर्वी सयाजीराव गायकवाडांच्या बडोदे संस्थानात खेड्यापाड्यांत पुस्तकांच्या लाकडी पेट्या फिरत असत. पण पेटीचा एक गुण आम्हाला फार महत्त्वाचा वाटतो, तो म्हणजे तिचे लहानपण. कपाटात वाटेल ते खपते. पेटीत जागा मोजकी असते, तेव्हा एक पुस्तक आत घालायचे तर दुसरे बाहेर ठेवावे लागते, आणि तिथेच खरी निवड सुरू होते.

निवडण्याजोगे आज आहे काय? पुष्कळ आहे. साहित्य अकादमीने २०१० पासून बालसाहित्यासाठी स्वतंत्र पुरस्कार सुरू केला. मराठीत तो दिलीप प्रभावळकर, माधुरी पुरंदरे, राजीव तांबे, ल. म. कडू, सलीम मुल्ला, आबा महाजन, संगीता बर्वे, एकनाथ आव्हाड, भारत सासणे अशा लेखकांना मिळाला. २०२१ साली तो नाशिकचे संजय वाघ यांच्याकडे आला. परंतु पुरस्कार वर्षाला एका पुस्तकाला मिळतो आणि ग्रंथालयाला वर्षाला वीस-पंचवीस तरी नवी पुस्तके लागतात. उरलेली कुणी शोधायची?

हा प्रश्न आम्ही आमच्या वाचकांपुढे मुद्दाम ठेवीत आहोत. नाशिक धर्मप्रांताची स्थापना १९८७ सालची. या प्रांतातील अनेक धर्मग्रामांत सभागृहाच्या कोपर्‍यात किंवा सिस्टरांच्या शाळेत पुस्तकांचे एक कपाट असते. त्यात संतचरित्रे असतात, घर बदलताना कुणीतरी देऊन टाकलेली जुनी पाठ्यपुस्तके असतात आणि इंग्रजी परीकथांचे फाटके संच असतात. दान आलेले पुस्तक नाकारणे आपल्याकडे असभ्य समजले जाते, म्हणून निवड होतच नाही, साचत जाते. वस्तुतः दान म्हणून पैसे घ्यावेत आणि पुस्तके आपण निवडावीत, हेच शहाणपणाचे.

निवडताना आपल्या मुलांकडे पाहावे. पेठ-सुरगाण्याकडच्या पाड्यांवर घरात कोकणा बोली असते, मालेगाव-बागलाणात अहिराणी. छापील मराठी या मुलांना परभाषेइतके दूर नसले तरी अंगणातलेही नसते. त्यांच्या हाती प्रथम दाट मजकुराचे पुस्तक देणे म्हणजे त्यांना वाचनाच्या दारातूनच परत पाठविणे होय. माधुरी पुरंदर्‍यांच्या ‘चित्रवाचन’सारखे पुस्तक अशा वेळी अमोल ठरते, चित्र पाहून मूल स्वतःच्या बोलीत गोष्ट सांगते आणि मोठ्यांनी ऐकायचे असते. दुसरी गोष्ट थोडी नाजूक आहे. मराठी बालपुस्तकांत ख्रिस्ती मूल आम्हाला फारसे भेटलेले नाही. भेटते ते नाताळच्या एका पानावर, लाल टोपी घातलेल्या म्हातार्‍याच्या शेजारी. शेतात खुरपणीला जाणारी, रविवारी मिस्सेला बसणारी आणि सोमवारी जिल्हा परिषदेच्या शाळेत पाढे म्हणणारी मुलगी कुणाच्या गोष्टीत येत नाही. आदिवासी मुलाचीही तीच कथा. तो आला तर नाचताना येतो. आपल्याविषयीचे असे पुस्तक मिळेपर्यंत थांबावे असे आम्ही म्हणत नाही, पण कपाटातील सारीच मुले जर पुण्या-मुंबईच्या सदनिकांत राहणारी असतील, तर ते निवडणार्‍याच्या ध्यानात यायला हवे.

काम फार अवघड नाही. धर्मग्रामातील तीन-चार जणांनी, त्यांत एखादी शिक्षिका आणि एखादी आई अवश्य असावी, वर्षातून दोनदा नाशकात येऊन पुस्तके प्रत्यक्ष हाताळावीत. सूचिपत्रावरून मागवू नयेत. प्रत्येक पुस्तकाचे एक पान तिथेच मोठ्याने वाचून पाहावे. वाक्य जिभेवर अडखळले तर ते मुलाच्या कानातही अडखळेल. चित्रातला बैल बैलासारखा दिसतो की नाही हे पाहावे. शिवण तपासावी, कारण आवडते पुस्तक सर्वांत आधी फाटते. घेतलेली पुस्तके धर्मशिक्षणाच्या वर्गानंतर मुलांना वाचून दाखवावीत आणि कोणत्या पानावर चुळबूळ सुरू झाली ते लक्षात ठेवावे. फादरांनी संतचरित्रांचा आग्रह जरूर धरावा, परंतु तीही याच कसाला लावावीत; संत फ्रान्सिस आणि लांडगा यांची गोष्ट कंटाळवाणी करून सांगणे हे खरे तर मोठेच कसब आहे, आणि काही पुस्तकांना ते साधलेले आहे.

जुन्या ग्रंथालयांत पुस्तकाच्या शेवटच्या पानावर तारखांची एक चिठ्ठी चिकटवलेली असे. पुस्तक नेले की शिक्का. हल्ली मोठ्या ग्रंथालयांत ही नोंद संगणकात होते, पण आपल्या कपाटांसाठी कागदाची चिठ्ठी आणि शाईची पेटी पुरे आहे. मे महिन्याच्या सुटीत या चिठ्ठ्या एकदा उलटून पाहाव्यात. दोन वर्षांत एकही शिक्का नसलेली पुस्तके बाजूला काढावीत. शिक्क्यांनी चिठ्ठी भरून दुसरी लावावी लागली असेल, त्या पुस्तकाची जून उजाडण्यापूर्वी आणखी एक प्रत घ्यावी.